वीसपैकी वीस

सर्जेराव हवालदारांची आणि माझी ओळख एका थपडेनं झाली. थप्पड त्यांची, कान माझा. सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. मी वीज खात्यात मीटर टेस्टर होतो आणि साताऱ्याहून नुकताच रहिमतपूरला बदलून आलो होतो. हवालदारांचा लेखी अर्ज आला होता. संध्याकाळी विजेचा दाब पडतो, अँप्लिफायरचे व्हॉल्व्ह पेटत नाहीत, माणूस पाठवा.

मी व्होल्टमीटर घेऊन गेलो. दोनशे तीसच्या जागी एकशे ब्याऐंशी व्होल्ट भरले, म्हणजे अर्ज खरा होता. हवालदार टेबलाशी डोळे मिटून बसले होते. डोक्याला काळे लष्करी हेडफोन, समोर लाकडी फळीवर उघडाच अँप्लिफायर, त्यात चार काचेचे व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे मिणमिणत होते. मी तीन हाका मारल्या. त्यांना ऐकू गेल्या नाहीत. म्हणून आवाज कमी करावा असं मनात आणून मी त्यांच्या अँप्लिफायरचं बटण फिरवलं, आणि ते बटण इतर बटणांच्या उलट फिरणारं निघालं.

दुसऱ्या क्षणी मी कोपऱ्यातल्या ज्वारीच्या पोत्यावर पडलेला होतो. त्यांनी मला कॉलरला धरून उभं केलं आणि विचारलं, "किती भरला?"

"काय?"

"दाब, दाब. मोजायला आलाय न्हवं?"

"एकशे ब्याऐंशी."

"मग माजं कायबी चुकलं न्हाई. आनशे, मीटरसाहेबांना च्या टाक."

आतून उत्तर आलं नाही. ते उठून स्वयंपाकघरापर्यंत गेले, बायकोच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि पुन्हा तेच म्हणाले. परत येऊन बसल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं, "उजवा कान बंद हाय तिचा. मीच फोडलाय." पत्ता सांगावा तसं सांगितलं.

सहा फूट उंची, शरीर पहारीसारखं, मिशा मात्र बारीक कातरलेल्या. सतरा वर्षं सैन्यात सिग्नलमध्ये काढलेली. कानाला हेडफोन लावून शत्रूचे आणि आपले संदेश टिपायचे, हेच काम. एकदा बोलता बोलता त्यांनी टेबलावर हात पालथा ठेवला, तेव्हा तिथेच पडलेल्या फूटपट्टीनं मी तो मोजला. मनगटापासून मधल्या बोटापर्यंत साडेआठ इंच भरला. त्यांना त्या मोजण्याचं काही वाटलं नाही. त्यांची बायको अनसूयाबाई चहा घेऊन येत होत्या, त्या मात्र पट्टीकडे बघत दारातच थांबल्या.

कान फुटला तो पासष्टच्या लढाईच्या दिवसांत. हवालदार सुट्टीवर आले होते आणि रेडिओवर बातम्या ऐकत होते. त्यांची तुकडी आघाडीवर होती, ते घरी होते, आणि त्याचाच राग डोक्यात होता. बाईंनी तिसऱ्यांदा म्हटलं, "आवं, उठा की, भाकरी गार झाली." त्यांनी हेडफोन न काढता, मागं न बघता हात फिरवला. दोन दिवसांनी कानातून पाणी यायला लागलं. पुढं ते आठ महिने येत राहिलं.

मिरजेच्या दवाखान्यातली गोष्ट त्यांनीच मला सांगितली. डॉक्टरांनी बाईंना विचारलं, कशानं झालं. बाई म्हणाल्या, म्हशीचं शिंग लागलं. हवालदारांनी टेबलावर मूठ आपटली. शाईची दौत उडून डॉक्टरांच्या सदऱ्यावर सांडली. "खोटं का बोलतीस? डाक्टरला खोटं सांगून आवशीद मिळतंय व्हय?" म्हणत त्यांनी तिच्यावर हात उगारला. डॉक्टर उठले, हवालदारांचा हात हवेत असतानाच त्यांनी केसपेपरवर लिहून टाकलं : मारामुळे. मग शांतपणे म्हणाले, पडदा गेला आहे, आतली बारीक हाडंही झिजली आहेत. शस्त्रक्रियेचा भरवसा नाही. मात्र कानाचा मज्जातंतू शाबूत असला तर मोठ्या आवाजाला प्रतिसाद मिळेल.

त्या शेवटच्या वाक्यावर हवालदारांनी पुढची पाच वर्षं काढली.

मी पाहिलं तेव्हा त्यांच्याकडे हेडफोनचे सात जोड आणि तीन अँप्लिफायर होते. सांगलीच्या जुन्या बाजारात, साताऱ्याला, बेळगावपर्यंत जाऊन त्यांनी ते गोळा केले होते. प्रत्येक जोडाला नाव होतं. लष्करातून मोडीत निघालेला, दोन हजार ओहम रोधाचा, कानांवर बॅकेलाइट प्लॅस्टिकच्या जाड वाट्या बसणारा जोड म्हणजे 'म्हातारी'. बेळगावहून आणलेला 'कानडी'. एका कानात खरखरणारा 'तोतऱ्या'. प्रत्येक जोड प्रत्येक अँप्लिफायरवर लावून ते तासन् तास तुलना करत. आवाजाविषयी त्यांची भाषा स्वयंपाकघरातली होती. "ह्यो आवाज पिठूळ हाय. ह्यो नुसता खडा. व्हॉल्व्हचा आवाज म्हंजे तव्यावरनं काढलेली भाकरी, जरा करपल्याली आसंल पर वास येतो. ट्रान्झिस्टरचा आवाज लय स्वच्छ, पर बिनमिठाचा."

मला आकड्यांचं वेड, त्यांना कानांचं. मी मीटर लावून सांगायचो, कुठल्या जोडाला किती व्होल्ट जातात. ते डोळे मिटून सांगायचे, मगाच्यापेक्षा कमी आहे. दहातल्या नऊ वेळा त्यांचं बरोबर असायचं. असा कान मी दुसरा पाहिला नाही. त्या घरात एक कान इतका तयार आणि एक फुटलेला, हे माझ्या मनातून जायचं नाही.

एकदा साताऱ्याच्या पेठेतला एक रेडिओ दुकानदार नवीन जपानी हेडफोन आणि छोटा ट्रान्झिस्टर अँप्लिफायर घेऊन आला. गाद्यांसारखे मऊ कान, आठ ओहम, चकचकीत पट्टा. हवालदारांनी चाळीस मिनिटं ऐकलं. मग हेडफोन काढून प्रामाणिकपणे म्हणाले, "गाण्याला ह्याच्या तोडीचं माज्याकडं कायबी न्हाई. तबल्याची शाई ऐकू येती." दुकानदार खूष झाला. जाता जाता म्हणाला, "मग आता ह्या म्हातारीला भंगारात घाला, हवालदार." आणि हस्तांदोलनाला हात पुढं केला. हवालदारांनी तो हातात घेतला. एक बारीक आवाज झाला, ओली काटकी मोडावी तसा. करंगळी होती. मग सांगितली ती किंमत देऊन त्यांनी जपानी जोड ठेवून घेतला आणि दुकानदाराला स्वतः सायकलवरून हाडवैद्याकडे नेऊन सोडलं.

दुसरं प्रकरण कर्ण्यांचं. गल्लीत एक लग्न होतं आणि लाउडस्पीकरवाल्यानं दोन कर्णे बरोबर हवालदारांच्या माडीकडे तोंड करून बांधले होते. रविवारची सकाळ होती. रविवारी सकाळी बाईंच्या कानाची चाचणी असे. हवालदार एकदा सांगायला गेले, दोनदा गेले. तिसऱ्यांदा पहार घेऊन गेले. पहिला कर्णा त्यांनी खांबावरच चेचला. दुसरा काढून लाउडस्पीकरवाल्याच्या डोक्यात घातला. त्याच्या माणसांनी सायकलच्या साखळ्या काढल्या. मी पोहोचलो तेव्हा हवालदारांचा एक डोळा रक्तानं मिटला होता, आणि ते एकाची मुंडी बगलेत दाबून त्याला विचारत होते, "आता आयकाय येतंय का? आता?" त्यांना सात टाके पडले, समोरच्याला चार, नवरदेवाच्या मामाला दोन. मामा नुसता सोडवायला आला होता. त्याच दुपारी डोक्याला पट्टी बांधून त्यांनी राहिलेली चाचणी पुरी केली.

ती चाचणी अशी. अनसूयाबाई पाटावर बसायच्या. डाव्या कानात कापसाचा बोळा घट्ट बसवलेला, हेडफोनच्या त्या बाजूची तार सोडलेली. हवालदार समोर उकिडवे बसायचे, रेडिओ लावायचे, एकेक जोड त्यांच्या कानांवर चढवायचे आणि खुणेनं विचारायचे. येतंय? बाई म्हणायच्या, "येतंय." मगाच्यापेक्षा? "बरं येतंय." मग हवालदार वहीत लिहायचे. कुठला जोड, कुठला अँप्लिफायर, दाब किती, उत्तर काय. पाच वर्षांत चारशेच्या वर नोंदी झाल्या होत्या आणि त्यांत एकही 'नाही' नव्हतं.

हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. चारशे वेळा मोजून एकदाही न चुकणारं मीटर मी खात्यात तिथल्या तिथे सील केलं असतं. पण वहीवरचं अक्षर फार सुबक होतं, आणि मला वाटलं सुधारणा होत असेल. माझी पत्नी मात्र एकदा म्हणाली होती, "हवालदार ओरडायला लागले की अनसूयाबाई उजवी बाजू त्यांच्याकडे करून बसतात. मी विचारलं तर म्हणाल्या, हिकडचा कान मला लय सोयीचा हाय वैनी." आम्ही दोघं त्यावर थोडं हसलो होतो.

जपानी जोड आल्यावर हवालदारांच्या मनात एक गोष्ट बसली. बाईंना कमरेला बांधून हिंडता येईल असा लहान यंत्रसंच करायचा. पण म्हातारी आणि व्हॉल्व्ह की जपानी आणि ट्रान्झिस्टर, हे एकदाच ठरवायला हवं होतं, कारण दोन्ही करण्याइतकं सामान नव्हतं. बाई दोन्हींना "बरं येतंय" म्हणत. हवालदार मला म्हणाले, "मीटरसाहेब, तुमी मोजा. माजं मन म्हातारीकडं वडतंय, ते तिला माज्या तोंडावर दिसत आसंल."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी खात्यातल्या पद्धतीनं चाचणी बांधली. मध्ये फळीचा आडपडदा, माझ्या बाजूला एक स्विच. आधी जपानी जोड घेतला. वीस वेळा विचारायचं. दहा वेळा आवाज चालू, दहा वेळा बंद, आणि क्रम माझ्या कागदावर. मधूनच आवाज बंद असणार, हे हवालदारांना आणि बाईंना, दोघांनाही माहीत नाही. हवालदारांनी विचारायचं, बाईंनी सांगायचं, मी लिहायचं.

"येतंय?"

"येतंय."

तिसऱ्या वेळी स्विच बंद होता. बाई म्हणाल्या, "येतंय." मी स्विच पुन्हा पाहिला, वायर पाहिली. चौथ्यालाही बंद. "येतंय, बरं येतंय." सातव्यालाही तेच. मी फळीच्या कडेनं बाईंकडे पाहिलं. त्या रेडिओकडे, हेडफोनकडे, हवालदारांच्या तोंडाकडेही बघत नव्हत्या. त्यांची नजर हवालदारांच्या गुडघ्यावर ठेवलेल्या उजव्या हातावर होती.

वीसपैकी वीस. हवालदारांनी मांडीवर थाप मारली. "वीस म्हंजे पैकीच्या पैकी. जपानीच करायचा."

त्या वेळी मी गप्प राहू शकलो असतो. पुष्कळदा वाटतं, राहायला हवं होतं. पण कागद माझ्या हातात होता, आणि खोटा कागद सही करून देण्याची मला सवय नव्हती. मी म्हणालो, "हवालदार, ह्यातल्या दहा वेळा आवाज बंद होता."

ते उठून माझ्या बाजूला आले. स्विच दोनदा खालीवर केला. कागद वाचला. मग पाटासमोर जाऊन बाईंच्या डाव्या कानातला बोळा स्वतःच्या बोटांनी काढला आणि अगदी हळू विचारलं, "कवापास्नं?"

"पैल्यापास्नं," बाई म्हणाल्या.

"मग येतंय का म्हनतीस?"

"तुमी इचारता तवा मी तुमचा हात बगते. न्हाई म्हनलं तर काय हुईल ते मला कुटं ठावं हाय?"

आधी जपानी जोड भिंतीवर गेला. मग ट्रान्झिस्टर. मग त्यांनी वरवंटा उचलला आणि कानडी, तोतऱ्या, जे सापडेल ते उंबऱ्यावर ठेवून ठेचलं. व्हॉल्व्ह दिवाळीतल्या टिकल्यांसारखे फुटत होते. काचा माझ्या पायात शिरल्या. "पाच वर्सं," ते ओरडत होते, "पाच वर्सं मला फशिवलंस." वरवंटा टाकून ते वळले आणि तो हात वर गेला. मी दंडाला लोंबकळलो. त्यांनी मला झटकलं ते मी फडताळावर जाऊन आदळलो, आणि खांद्याजवळ काहीतरी कटकन मोडलं. गळ्याजवळचं हाड होतं. पुढं पाच आठवडे हात गळ्यात होता. तेवढ्या वेळात बाई दारातून बाहेर पडल्या होत्या. जाताना त्यांनी फळीमागची म्हातारी उचलून पदराखाली घेतली, हे मी जमिनीवरून पाहिलं. संध्याकाळच्या एस.टी.नं त्या माण तालुक्यात, दहिवडीजवळ भावांकडे गेल्या.

हवालदार आठव्या दिवशी मागं गेले. परत आले ते वाकून चालत. दोघं मेव्हणे शेरडं राखणारे, हाडापेरानं मजबूत. त्यांनी अंगणातच कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्यांना झोडपलं होतं. मी गळ्यात हात बांधून त्यांना बघायला गेलो.

"किती?" मी विचारलं.

"अकरा बसले. दोन बरगड्या."

"तुम्ही हात उचलला नाही?"

"ती दारात हुबी हुती. बगत हुती." मग म्हणाले, "हात उचलला आसता तर आत गेली आसती."

अडीच महिन्यांनी अनसूयाबाई आल्या, पण आधी आमच्या घरी. बरोबर थोरला भाऊ होता, तो बाहेर पायरीवर बसला. बाई माझ्या पत्नीशी बोलल्या, मग मला म्हणाल्या, "भाऊ, परत मोजायचं हाय. ह्या वक्ताला खरं सांगनार हाय मी. पर त्येंनी माजी अट ऐकली तरच."

पत्नीनं माझ्याकडे पाहिलं. माझं हाड नुकतंच जुळलं होतं. तरी मी गेलो. चाचणी अर्धवट राहिली होती.

सकाळची वेळ होती. हवालदारांनी खोली झाडून घेतली होती, फडताळ दुरुस्त केलेलं. टेबलावर एकच अँप्लिफायर उरला होता, तो चार व्हॉल्व्हचा, मोडक्या तुकड्यांतून पुन्हा जोडलेला. बाईंनी पदराखालून म्हातारी काढून पाटाजवळ ठेवली. मग हवालदारांना म्हणाल्या, "बसा. हात मांडीखाली घाला."

हवालदारांनी मेव्हण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मांडी घालून बसले आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली सरकवले. एवढा मोठा माणूस, खांदे पुढं आलेले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा दिसत होता. मेव्हणा दाराच्या चौकटीला टेकला. मला हसू आलं नाही.

मी आडपडदा लावला. डाव्या कानात बोळा. या वेळी खुणेनं विचारायचं कामही मीच केलं. पहिल्या वीस वेळा म्हातारी कानांवर नेहमीसारखी बसवली.

"येतंय?"

बाईंनी पुष्कळ वेळ घेतला. मांडीखालच्या हातांकडे पाहिलं. ते जागेवर होते. "न्हाई," त्या म्हणाल्या.

हवालदारांचे डोळे मिटले. दुसऱ्यांदा न्हाई. तिसऱ्यांदा न्हाई. वीसपैकी वीस वेळा न्हाई. प्रत्येक वेळी त्यांचं अंग थोडं आक्रसत होतं, पण हात बाहेर आले नाहीत. मी तो कागद बाजूला ठेवला. पाच वर्षांच्या वहीतल्या चारशे ओळींपेक्षा त्या एका कागदाचा मला जास्त भरवसा वाटला.

"झालं मग," हवालदार म्हणाले. बाईंनी ते ओठांवरून ओळखलं.

"झालं न्हाई," बाई म्हणाल्या. त्यांनी उजवी वाटी कानावरून काढली आणि मागं सरकवली, कानाच्या पाळीमागच्या हाडावर, आणि तळव्यानं घट्ट दाबून धरली. "हितं धरल्यावर बारीक कायतरी येतंय. म्हातारीतच येतंय, बाकीच्यांत न्हाई. तिकडं भावाच्या रेडिओला लावून बगत हुते."

"आणि आधी?" मी मोठ्यानं विचारलं.

"आदीपास्नं ठावं हाय. कुटं धरू म्हनून कुनी इचारलंच न्हाई."

मी नवीन कागद घेतला. चालू, बंद, बंद, चालू. दहा वेळा बंद होता, दहाही वेळा बाई म्हणाल्या न्हाई. दहा वेळा चालू होता, त्यांतल्या आठ वेळा म्हणाल्या येतंय. दोनदा म्हणाल्या, कळंना. मी आकडे मोठ्यानं वाचले.

"काय येतंय?" हवालदारांनी विचारलं. मी बाईंना खुणेनं तेच विचारलं आणि स्विच चालू ठेवला.

बाईंनी डोळे मिटले. वाटी दाबलेल्या हाताच्या शिरा ताणल्या होत्या. "मानूस बोलतोय," त्या थांबत थांबत म्हणाल्या. "भाव सांगतोय. हळद... हळदीचा भाव सांगतोय."

मी रेडिओला कान लावला. बाजारभावच चालले होते.

"आनशे," हवालदार म्हणाले आणि गुडघ्यांवर पुढं सरकले. दोन्ही हात मांड्यांखालून बाहेर आले होते, तळवे वर, तिच्या दिशेनं. ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

बाईंनी डोळे उघडले. म्हातारी काढली, पाटावर ठेवली आणि भिंतीला पाठ लावून बसल्या. वाटीतून बाजारभावांचा बारीक आवाज येत राहिला. हवालदारांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, सावकाश मागं सरकले, मांडी घातली आणि एक हात, मग दुसरा हात, पुन्हा खाली घातला.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी म्हातारी उचलून घेतली.